पंच क्रमांक एक

३ जानेवारी, शुक्रवार

शांतता समितीचे नवे कार्ड आले. लॅमिनेट केलेले. फोटो चोरासारखा आला आहे असे मंदाकिनीचे म्हणणे. पस्तीस वर्षे संसार करूनही बायकोला माझी उजवी बाजू कोणती ते कळले नाही.

आजोबा संस्थानात पादरा तालुक्याचे वहिवाटदार, म्हणजे मामलेदार, होते. संस्थान गेले, कचेरी गेली, पण मी चौकीत गेलो की अजून खुर्ची पुढे येते. रक्तात असते ते. गेल्या वर्षी एकोणीस पंचनाम्यांवर पंच म्हणून सही केली. पंच म्हणजे पोलिसांनी जे पाहिले ते आपणही प्रत्यक्ष पाहिले असे सांगणारा भला नागरिक. वाटेल त्याला बोलावत नाहीत.

यंदाचे संकल्प: रोज कमाटीबागेत चार फेऱ्या, साखर बंद, आणि वाचल्याशिवाय सही नाही. फेऱ्या सोमवारपासून.

६ जानेवारी, सोमवार, दु. २

फेऱ्या राहिल्या. थंडी. साडेबाराला चौकीतून जमादाराचा फोन, काका, पांच मिनिट आवो ने. गेलो. आल्याचा चहा, साखर घातलेला. परत कसा करणार?

मागच्या खोलीत काहीतरी आपटत होते. फर्निचर हलवत असावेत. मध्येच कोणीतरी ओरडले, बहुधा पायावर कपाट आले. ना ग्लोव्हज, ना जाड बूट. आम्ही नोकरीत असताना रेल्वेच्या प्रतापनगर वर्कशॉपात असले काम चालू दिले नसते. जमादाराला तसे स्पष्ट सुनावले. म्हणाला, हा काका, साची वात छे.

अटक पंचनामा होता. पकडलेल्या माणसाला पंचांसमोर उभे करायचे आणि त्याच्या अंगावर आधीच्या जखमा आहेत का ते लिहायचे, अशी पद्धत. माणूस समोर नव्हता. मजकूरही लिहायचा होता. जमादार म्हणाला, तमे सही करी आपो, हुं पछी भरी दईश, म्हणजे मजकूर तो मागून भरणार. दोन ठिकाणी केली. वाचण्याचा संकल्प मोडला असे म्हणता येणार नाही. वाचायला काही नव्हतेच.

७ जानेवारी, मंगळवार

सकाळी खालच्या मजल्यावरची राजेश्वरी आली. तिचा नवरा प्रतापराव शाळेची व्हॅन चालवतो. चौकीतल्या साहेबांच्या पाहुण्यांना काल पावागढला जायचे होते, त्यांना व्हॅन हवी होती, फुकट. हा म्हणाला, मुलांना घरी सोडून मग येतो. एवढ्यावर शाळेच्या फाटकातून उचलला. सरकारी कामात अडथळा. व्हॅन जप्त. संध्याकाळी जामीन झाला तेव्हा त्याला दोघांनी धरून आणावे लागले. आता दवाखान्यात आहे. गुडघा फुटला, डाव्या कानातून रक्त येते आहे.

ती रडली नाही. म्हणाली, काका, तुमची तिथे ओळख आहे, कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग तेवढे मिळवून द्या. म्हणालो, एका फोनचे काम.

योगायोग असा की त्या वेळी मी तिथेच होतो. पण मी ऐकले ते फर्निचर.

दु. ३. जमादाराने फोन उचलला नाही. बंदोबस्तात असेल.
५.१०. उचलला नाही. नेटवर्क.
५.१५. कट केला. म्हणजे नेटवर्क आहे.

९ जानेवारी, गुरुवार

स्वतः चौकीत गेलो. खुर्ची पुढे आली नाही, गर्दी होती. उभ्यानेच विचारले. सोमवारी बारा ते दोन कॅमेरे मेंटेनन्सला होते. बाकी महिनाभराचे सगळे रेकॉर्डिंग आहे, तेवढेच दोन तास नाहीत. मला हा प्रामाणिकपणा आवडला. लपवाछपवी करायची असती तर तोंडावर सांगितले नसते.

राजेश्वरीला निरोप दिला. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. थकली असेल बिचारी.

११ जानेवारी, शनिवार

राजेश्वरीचा भाऊ सलील वकिलाकडे कामाला आहे. त्याने कोर्टातून पंचनाम्याची नक्कल आणली आणि आमच्याकडे देऊन गेला. मंदाकिनीने ओट्यापाशी उभे राहून मोठ्याने वाचली. आरोपी प्रतापराव यास मोटरसायकलवरून पडल्याच्या जुन्या जखमा असून त्या आम्ही पंचांनी समक्ष पाहिल्या. खाली माझी सही. सही चांगली आली आहे.

प्रतापरावाकडे मोटरसायकल नाही, कधीच नव्हती.

मंदाकिनीने तव्यावरची पोळी करपू दिली. एवढेच विचारले, अहो, तुम्ही पाहिलेत? मी सांगितले की पंचनाम्यात पाहणे ही तांत्रिक बाब असते. तिने गॅस बंद केला. जेवलो नाही. ॲसिडिटी.

१४ जानेवारी, उत्तरायण

सकाळपासून गच्चीवर पतंग आणि स्पीकर. जिन्यात प्रतापराव दिसला, वॉकर धरून एकेक पायरी उतरत होता. दोनदा विचारले, कसं काय प्रतापराव? उत्तर नाही. तिसऱ्यांदा नाव घेऊन हाक मारली. तरी नाही. वाटले, राग धरलाय. धरू दे. मोठ्या मनाने माफ केले. वर आल्यावर मंदाकिनी म्हणाली, तुम्ही त्याच्या डाव्या बाजूने बोलत होतात.

दुपारी गच्चीवर राजेश्वरीने गाठले. तिच्या तक्रारीवरून चौकशी लागली आहे, एसीपी साहेब सगळ्यांचे जबाब घेणार. म्हणाली, काका, मला दुसरे काही नको. कोऱ्या कागदावर सही केली आणि माणूस पाहिला नाही, एवढे दोन शब्द बोला. तुमच्याशिवाय आमच्याकडे काहीच नाही.

शब्द दिला. सगळ्यांसमोर, उंधियूची वाटी हातात असताना. आमच्या घराण्यात शब्द म्हणजे शब्द. बरे वाटले. फार दिवसांनी पोटभर जेवलो.

१८ जानेवारी, शनिवार

जबाब लिहून काढला. चार पाने. सुरुवात आजोबांपासून. सलील म्हणाला, काका, दोन ओळी पुरे आहेत. आजकालच्या मुलांना भाषेचे वळण नाही. आरशासमोर तीनदा म्हटला. 'निर्भीडपणे' या शब्दाला आवाज थोडा चढवायचा.

२२ जानेवारी, बुधवार

जमादार घरी आला! युनिफॉर्मशिवाय, चेक्सचा शर्ट घालून. गरम फाफडा घेऊन आला. ऋचाची चौकशी केली. आमची लेक ऋचा कॅनडाला शिकायला जाणार, तिच्या पासपोर्टचे व्हेरिफिकेशन त्याच्याच टेबलावर आले आहे म्हणाला. आपण होऊन लक्षात ठेवले. निघताना चपला घालत सहज म्हणाला, कोरा कागळ पर सही करवी ए पण गुनो छे, काका. एक नाही, गेल्या वर्षीच्याच एकोणीस ठिकाणी आहे तुमची. पण चिंता ना करो, तमे तो घरना माणस छो.

कोणी कायद्याची माहिती देते तेव्हा ती घ्यावी. मंदाकिनीने फाफड्याला हात लावला नाही. मी थोडा खाल्ला.

२५ जानेवारी, शनिवार

जबाब चार पानांवरून तीन पानांवर आणला. आजोबा ठेवले, कोरा कागद गाळला. तो तोंडी सांगेन. तोंडी जास्त परिणाम होतो.

२७ जानेवारी, सोमवार

एसीपी साहेबांकडे अकराची वेळ होती, दीडला आत बोलावले. माझा जबाब आधीच टाइप करून ठेवला होता. वेळ वाचवतात हे लोक. लिहिले होते की आरोपीला मी समक्ष पाहिले, जखमा जुन्या होत्या, पोलिसांचे वर्तन सौजन्याचे होते. यावेळी सगळा वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

खिशातली तीन पाने काढायची होती. पण साहेब घड्याळाकडे बघत होते आणि पेन पुढे केलेले होते. अशा वेळी खिशात हात घालणे बरे दिसत नाही. सही केली.

बाहेर बाकावर राजेश्वरी. उठून उभी राहिली. तिला म्हणालो, आत सविस्तर बोलणे झाले. खोटे नाही ते. साहेब बराच वेळ क्रिकेटबद्दल बोलले.

१० फेब्रुवारी, सोमवार

चौकशीचा निकाल. तक्रारीत तथ्य नाही, स्वतंत्र पंचांच्या जबाबावरून शंकेला जागा उरत नाही. स्वतंत्र पंच म्हणजे मी. जमादाराने व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवला. ऋचाचे व्हेरिफिकेशनही झाले.

मंदाकिनी दोन आठवडे कामापुरतेच बोलते आहे. चहा ठेवते आणि जाते. घरात फार शांतता आहे, वाचन वाढवावे म्हणतो. दूध आणायला आता साडेसहाला जातो, तेव्हा जिन्यात कोणी नसते. त्यानिमित्ताने लवकर उठणे सुरू झाले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चौकीतून पंचासाठी फोन आला. उचलला नाही. उद्या उचलून स्पष्ट नाही सांगणार.

२० फेब्रुवारी, गुरुवार

गेलो होतो. मोबाइल चोरीचे किरकोळ प्रकरण.

३ मार्च, सोमवार

राजेश्वरी वर आली. जानेवारीनंतर प्रथमच. हातात स्टॅम्प पेपर. समझोता झाला आहे. प्रतापरावाने लिहून द्यायचे की तो स्वतः पडला, गुडघा आणि कान त्या पडण्यामुळेच गेले, कोणाविरुद्ध तक्रार नाही. मग पोलीस त्याच्यावरची केस मागे घेतील आणि व्हॅन सुटेल. तो चालवू शकणार नाही, भाड्याने देणार. साक्षीदार हवा होता, प्रतिष्ठित.

म्हणालो, बस, चहा घे. बसली नाही. चष्मा लावून वाचायला घेतले, तर म्हणाली, वाचायला कशाला हवे काका, तुम्हाला पाठ आहे. शांतपणे म्हणाली. कुचकेपणा नव्हता आवाजात. काहीच नव्हते. सही केली. तिने शाई वाळू दिली, घडी घातली आणि गेली.

मन भरून आले म्हणणार होतो. मंदाकिनीला म्हणालो, बघ, बारा बिऱ्हाडांत शेवटी विश्वासाने आपल्याकडेच आली. मंदाकिनी तांदूळ निवडत होती. किती दिवसांनी एवढे बोलली. म्हणाली, सकाळपासून बाकीची दहाही घरे फिरून आली ती. प्रतापराव स्वतः पडला असे लिहून द्यायला कोणी तयार होईना. खोट्यावर सही करणार नाही म्हणाले सगळे. शेवटी मीच तिला सांगितले, आमच्याकडे ये, हे करतात.

आता वाईट वाटेल, म्हणून थोडा वेळ खुर्चीत बसून राहिलो. वाटले नाही. मग जेवलो.