मेलेल्या गिऱ्हाइकाचे पाच तारे

लकडगंज, नागपूर
मंगळवार

तीर्थस्वरूप ताराचंद भाऊजींना साहिलचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपली तब्येत, मिनलताईची कंबर आणि रामटेकचं धान, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. मीही ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे मला तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

कॉलेज मी अर्ध्यात सोडलं (आपण चारचौघांत 'हाकललं' म्हणता, तसं नाही, सरांशी भांडून मी स्वतः निघालो), तेव्हापासून दुपारचं जेवण वसंतकाकांच्या सावजी भोजनालयात. मटण उत्तम असतं आणि गल्ल्यावर काकांची मुलगी नूपुर बसते (कारणं उलट्या क्रमाने वाचावीत). तिच्यावर छाप पडावी म्हणून मी मोबाईलवर भोजनालयाबद्दल अभिप्राय लिहिला. मराठीत लिहिला असता तर काही बिघडलं नसतं. पण इंग्रजीत, भाऊजी, नुसतं 'चांगलं' म्हटलं तर लोकांना वाटतं वाईटच असेल. तिथे चहा आवडला तरी जीव द्यावा लागतो, हसू आलं तरी मरावं लागतं. रील पाहून पाहून मी तेवढंच इंग्रजी शिकलो. टू डाय फॉर, लिटरली डाइड, इनसेन, क्रिमिनल, सगळं घातलं. पाच तारे दिले. नाव 'विदर्भाचा वाघ' ठेवलं, वाघाचा फोटो लावला (नूपुरला सावकाश सांगणार होतो).

काकांचा मोबाईल मराठीत आहे. तो इंग्रजी मजकूर आपल्या मनानेच मराठी करून दाखवतो. त्यात उमटलं ते असं: 'मटण मरण्यासाठी आहे. मी अक्षरशः मेलो. माझे संपूर्ण कुटुंब मृत आहे. स्वयंपाकी वेडा आहे. रस्सा गुन्हेगार आहे. आम्ही पुन्हा नक्की येऊ.'

शुक्रवारी गेलो तर काका मोबाईल धरून बसलेले. "मेल्यावर पाच तारे काहून देल्ले गा यानं? अन परत कसा येईन हा?" हिंगण्याच्या एका कंपनीने हेच वाचून जेवणाची मोठी ऑर्डर रद्द केली होती. आपल्याला माझं डोकं माहीत आहे. काय लिहिलंय ते न पाहताच मी टेबलावर हात आपटला, कोण आहे तो, टांगा तोडतो त्याच्या, आठ दिवसांत धरून आणतो, असं सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडलो. मग काकांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. वाघ माझ्याकडेच पाहत होता.

काका त्याला शिव्या घालतील असं वाटलं. नाही घातल्या. आत गेले, थेंबभर रस्सा तळहातावर घेऊन चाखला आणि मला म्हणाले, "तिखट जास्त होऊन राहिलं का गा माह्या हातानं? खरं सांग." तेव्हापासून रस्स्यात तिखट निम्मंच पडतं. भाऊजी, तो आता वरणासारखा लागतो. नेहमीची माणसं मुकाट्याने जेवून जातात आणि काका एकेकाचं तोंड पाहत उभे राहतात.

वडीलधाऱ्यांना नमस्कार सांगावा. लहानांना आशीर्वाद द्यायची सध्या माझी लायकी नाही.

आपला मेहुणा,
साहिल

ता. क. – मुख्य विनंती राहिली. येत्या रविवारी आपण इकडे यावं आणि 'विदर्भाचा वाघ तो मीच' असं काकांना सांगावं. घरच्या जावयाला मारणं शोभत नाही हे मला कळतं, पण दोनच थापडा मारीन, त्याही आवाजापुरत्या. जेवण माझ्याकडून.

पुन्हा ता. क. – येऊ नका. पत्र टाकायला निघालो आणि आधी जेवायला बसलो. काका समोर येऊन म्हणाले, "आता तरी बरा हाय ना रस्सा?" मला राहवलं नाही, सगळ्यांदेखत सांगून टाकलं. काका आत गेले. थोड्या वेळाने आतून मिरचीचा असा खकाणा उठला की सगळं भोजनालय खोकू लागलं. नूपुरने नवं ताट आणून माझ्यासमोर आदळलं. "खाय. कसा हाय?" नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडातून एकच शब्द निघाला, "तिखट."

"मंग येवढंच लिवाचं होतं ना, गाढवा," ती म्हणाली आणि पाण्याचा गिलास पुढे सरकवला.

ऑर्डरसाठी उद्या मी हिंगण्याला जाऊन त्या साहेबाचे पाय धरतो आहे. तेवढं 'गाढव' हे तिने अक्षरशः म्हटलं की अतिशयोक्तीने, ते मिनलताईला विचारून कळवावं.