तुझ्यासाठी वाजलेल्या टाळ्यांविषयी

प्रिय रेज यास,

नॉर्मन हेस्केथचा, आणि स्वयंपाकघरातून ओरडून सांगितल्याप्रमाणे बेरिलचाही, मनापासून नमस्कार. आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझी खुशाली विचारतो आहे, आणि या खेपेला रीत म्हणून नव्हे, खरोखरच जाणून घ्यायचं आहे म्हणून. जेवण जातं का? श्वास नीट चालतो का? सकाळी आरशात पाहिल्यावर समोर कोणी दिसतं का? (हा शेवटचा प्रश्न बेरिलने खोडायला सांगितला होता. मी खोडलेला नाही.) अक्षर माझंच आहे आणि हातही माझाच आहे, तेव्हा घाबरून पाकीट टाकून देऊ नकोस. खुर्चीत बस आणि शेवटपर्यंत वाच, कारण मला तुझी एक माफी मागायची आहे आणि ती मी लगेच मागणार नाही. आयुष्यभर डाव्या बाजूचा बचाव सांभाळला, अंगावर आलेली गोष्ट आधी कडेला ढकलायची सवय जात नाही.

सुरुवात सिरिलपासून करतो. आपला कप्तान सिरिल बॅमफोर्ड आता एकोणऐंशीचा आहे. गुडघे अजून माझ्यापेक्षा बरे आहेत, पण डोक्यातलं एकेक सामान कोणीतरी हळूहळू उचलून नेतंय. घरी तो ग्लेनिसला म्हणतो, बाई, तुम्ही फार चांगल्या आहात हो, पण आता निघा, माझी बायको येईल एवढ्यात. त्रेपन्न वर्षांच्या संसारानंतर हे ऐकायचं आणि वर त्याला चहा करून द्यायचा. फक्त गुरुवारी दुपारी तो ताळ्यावर येतो. आपल्या फुटबॉल क्लबचा समाजसेवेचा ट्रस्ट आहे ना, तो दर गुरुवारी स्टेडियमखालच्या हॉलमध्ये अशा विसरत चाललेल्या अकरा-बारा म्हाताऱ्यांना जमवतो. जुने फोटो, जुने बूट, चहा आणि भरपूर बिस्किटं. आपल्या संघाचा फोटो पुढे ठेवला की सिरिल डावीकडून उजवीकडे अकराच्या अकरा नावं घडाघडा म्हणतो. तुझ्या नावाशी थांबतो, हसतो, आणि पुढे जातो. त्या दोन तासांत ग्लेनिस घरी नुसती झोपते.

हे सगळं चालवणारी नझमा ही तिशीतली मुलगी. तिचे आजोबा वरच्या गिरणीत सूत काढायचे आणि दर शनिवारी आपल्याला शिव्या घालायला मैदानावर यायचे, म्हणजे ती घरचीच. तर या उन्हाळ्यात म्हाताऱ्यांना टेकडीवरच्या घरांतून आणणारी मिनीबस कायमची बसली. बस नाही तर गुरुवार नाही, आणि गुरुवार नाही तर सिरिलला सांभाळगृहात ठेवण्यावाचून ग्लेनिसपुढे मार्ग नाही, इतकं ते सरळ होतं. म्हणून बससाठी माजी खेळाडूंची मॅच ठरली, आपण विरुद्ध हॉलिनडेल. नझमाने मला बोलावून सांगितलं, "नॉर्मनकाका, माणसं गोळा करायचं काम तुमचं. जिवंत आणि गेलेली, दोन्ही."

जिवंत म्हणजे खेळायला. गेलेली म्हणजे मॅचच्या आधी नावं वाचून मिनिटभर टाळ्या वाजवायला. जिवंतांनी मला जेरीस आणलं. एकाला गुडघा, एकाला बायको नाही म्हणते, एकाचं म्हणणं की त्याला पुढेच खेळवणार असाल तर येतो (हा माणूस नव्वद साली पुढे खेळायचा आणि तेव्हाही त्याला खेळवायला नको होतं). गेलेल्यांचं काम त्यामानाने सोपं वाटलं. मी बेरिलची नाताळची वही काढली.

आता ही वही तुला ठाऊक नाही. आमच्या घरात जिवंत कोण आणि मेलेलं कोण, हे ठरवायचा अधिकार त्या वहीकडे आहे. ज्यांना नाताळचं कार्ड पाठवायचं त्यांची नावं तीत पेन्सिलीने लिहिलेली असतात, कारण बेरिल म्हणते, माणसांचा भरवसा नाही. एका नाताळात समोरून कार्ड आलं नाही की नावापुढे बारीकसं प्रश्नचिन्ह. मग पुढच्या नाताळात बेरिल आपलं कार्ड हातात धरून बसते, आधी तुमचं येऊ द्या म्हणून. तेव्हाही आलं नाही तर नावावर रेघ. चौकशी करत नाही. कशी करणार? फोन उचलून, काय हो, तुम्ही वारलात का, असं आपल्या एल्डरशॉत कोण विचारतं? वारला नसेल तर त्याला वाईट वाटणार, वारला असेल तर त्याच्या बायकोला. त्यापेक्षा गप्प बसावं आणि आपल्या जागी हळहळावं. निम्मं गाव याच पद्धतीने एकमेकांना पोचवत आलंय आणि आजवर कोणाची तक्रार आलेली नाही.

तुझ्या नावावर गेल्या नाताळात रेघ पडली. त्या संध्याकाळी मी तुझ्या नावाने शेरीचा एक पेला घेतला होता, हे कृपया ध्यानात ठेव. रेघा पडलेली नावं मी एका कागदावर उतरवली आणि नझमाला दिली. तुझं नाव सातवं होतं. तू सात नंबरचाच शर्ट घालायचास, म्हणून मला ते शोभूनही दिसलं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी मॅच झाली. थंडी अशी की मैदानावर मिळणारा वाटाण्याचा गरमागरम लगदा वाटीतून तोंडापर्यंत जाईतो गार होत होता, तरी मैदान भरलं. अंग गरम करायला खेळाडूंना पळवलं तर दोघे तिथेच जायबंदी झाले. आपल्या गोलकीपरचा खुबा नवा आहे. त्याने आधीच जाहीर केलं की मी फक्त डावीकडे झेप घेईन, उजवी बाजू डॉक्टरांच्या ताब्यात आहे. हे हॉलिनडेलच्या कानावर कसं गेलं कोण जाणे. त्यांचा एक गडी तर जेमतेम चाळिशीचा होता आणि त्याच्या डोक्यावर सगळे केस होते. माजी खेळाडू म्हणवून घ्यायला माणसाने काहीतरी गमावलेलं असावं की नाही? मी रेफरीकडे तक्रार नेली, पण तो वाचायचा चष्मा घालून आला होता आणि मी कोण हेच त्याला दिसेना.

मग नावं वाचायला सुरुवात झाली. सिरिल माझ्या शेजारी बाकावर होता, ओव्हरकोटावर कप्तानाची पट्टी बांधून. सहा नावांना त्याने सगळ्यांबरोबर नीट टाळ्या वाजवल्या. सातवं नाव भोंग्यातून आलं, रेज ऑल्ड्रॉइड, आणि मैदानातून असा काही गजर झाला रेज, मला त्या क्षणी तुझा हेवा वाटला. सिरिलचे हात मात्र थांबले.

"तो मेलेला नाही," तो म्हणाला. "कॉर्नर घ्यायला गेलाय."

आसपासचे लोक मायेने हसले. मी शहाणपणा केला. त्याचा हात धरून म्हणालो, अरे सिरिल, रेज गेला रे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पाच मिनिटांनी त्याने विचारलं, रेज कुठाय? मी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा रडला, पहिल्यांदाच कळल्यासारखा. मध्यंतरापर्यंत हे तीनदा झालं. तिसऱ्या वेळी नझमाने मला दंडाला धरून बाजूला नेलं. "काका, त्यांना दर वेळी नव्याने कळतं," ती म्हणाली. "आता पुन्हा सांगू नका." मी आयुष्यात पुष्कळांच्या नडग्या फोडल्या आहेत आणि त्याबद्दल मला कधी झोप न आल्याचं आठवत नाही. पण त्या तीन वेळांची मला लाज वाटते. एका जिवंत माणसासाठी मी त्याला तीनदा रडवलं.

ठरल्याप्रमाणे उत्तरार्धात सिरिलला पाच मिनिटं मैदानात उतरवायचं होतं. लोक त्यासाठीच आले होते. तो उतरला, पाच मिनिटं झाली, आणि बाहेर यायला तयार होईना. उलट त्याने सूत्रंच हातात घेतली. तू मागे, तू आत, आणि उजव्या कडेला कोणीही उभं राहायचं नाही. ती रेजची जागा आहे. आपला एक पन्नाशीचा पोरगा चुकून तिकडे गेला, तर त्याला त्याने कॉलर धरून परत आणलं. रेफरीने माझ्याकडे पाहिलं, मी नझमाकडे, नझमाने मान डोलावली. मग उरलेली सगळी मॅच आपला संघ मैदानाच्या अडीच कोपऱ्यांत खेळला. सिरिलकडे चेंडू आला की तो वर न बघता उजवीकडे लांब, अचूक मारायचा, पूर्वी तुला द्यायचा तसा. चेंडू रिकाम्या गवतावरून घरंगळत बाहेर जायचा. पहिल्यांदा लोक हसले. दुसऱ्यांदा कमी हसले. नंतर नंतर तर तो चेंडू बाहेर गेला की टाळ्या वाजू लागल्या, आणि हॉलिनडेलचा तो केसवाला गडीसुद्धा तिकडे फिरकेनासा झाला. आपण सहा-एकने हरलो. (त्यांचे सहाही गोल गोलकीपरच्या उजवीकडून.)

ड्रेसिंग रूममध्ये ग्लेनिसने गोळ्या शोधायला सिरिलच्या कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, तर तिच्या हाताला एक पाकीट लागलं. त्यावर कॅनडाचं, म्हणजे तुझ्याकडचं, पोस्टाचं तिकीट, एप्रिलचा शिक्का. टपाल दारात पडलं तेव्हा त्यानेच ते उचललं असणार, आणि सांगायचं राहून गेलं असणार. पाकीट उघडलेलं होतं. आतलं तुझं पत्र घड्यांवर फाटायला आलं होतं, म्हणजे ते त्याने किती वेळा वाचलं असेल बघ. मैदानावर दोन हजार शहाणी माणसं होती, पण पुरावा एकट्या सिरिलच्या खिशात होता.

ग्लेनिसने ते मला वाचायला दिलं. रेज, तुझ्या मॅव्हिसचं आम्हाला काही कळलं नव्हतं. दोन हिवाळ्यांपूर्वी ती गेली, कार्डं तीच लिहायची, आणि ती गेल्यावर तिच्या पेनाला तुझ्याने हात लाववला नाही, हे त्या पत्रातून कळलं. ज्या नाताळात तुझ्या नावापुढे प्रश्नचिन्ह पडलं, त्या नाताळात तू त्या घरात एकटा बसला होतास. मी फोन करायला हवा होता. मला भीड वाटली. ही ती माफी. बेरिलने तुझं ते पत्र वाचलं आणि लगेच वही मागितली.

तर असं आहे. बस आली आहे, निळी आहे, गुरुवार सुरू आहेत. स्वतःला जप.

तुझा,
नॉर्मन

ता. क. तुझ्या त्या पत्राच्या शेवटी तू सिरिलला विचारलं आहेस, नॉर्मन कधी गेला, कळवलं असतंस तर फुलं पाठवली असती. आमचं एक कार्ड चुकलं आणि तू मला पोचवून मोकळा झालास? आम्ही निदान दोन नाताळ वाट पाहिली. फुलं पाठवायचीच असतील तर बेरिलला पिवळी आवडतात.

ता. क. टाळ्यांनी हुरळून जाऊ नकोस. थंडी फार होती, लोक हात गरम करून घेत होते.

ता. क. बेरिलने वहीत तुझं नाव पुन्हा लिहिलं. पेनाने. सबंध वहीत तेवढं एकच पेनाने आहे, माझंसुद्धा पेन्सिलीने. (हो, माझंही नाव त्यात आहे, आणि मी रोज समोर बसून जेवत असतो.)

ता. क. ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते आता. हे पत्र मिळाल्यावर येणाऱ्या पहिल्याच गुरुवारी दुपारी दोन वाजता, म्हणजे तुझ्याकडे सकाळचे नऊ, हॉलवर फोन कर. नंबर नझमाने पाकिटावर मागे लिहिला आहे. फोन सिरिलच उचलेल, मी तसं बघतो. तो तुझी तब्येत विचारणार नाही. इतका वेळ कुठे होतास, असं विचारेल. वाद घालू नकोस, कॅनडाचं काढू नकोस, मॅव्हिसचं त्या दिवशी नको. कॉर्नर घेत होतो, कप्तान, एवढंच म्हण. मग तो विचारेल, गोल झाला का? झाला म्हण.