जाहिरातीतल्या माझ्या डोळ्यांबद्दल खुलासा

माउंट वेलिंग्टन, ऑकलंड
रविवार, सकाळ

ती. दादास धाकट्या शैलाचा जय भीम आणि वाकून नमस्कार.

तुझा रक्तदाब आता कुठवर आहे? सुलभावहिनींचा गुडघा त्यांना जिना चढू देतो का? (देत नसेल तर त्यांना वरच्या खोलीच्या रंगकामावर देखरेख करायला पाठवू नकोस. ती खोली कुणासाठी रंगवतो आहेस तेही मला कळलं आहे.) तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. "आधी तिकीट, मग बोलणं" हा तुझा निरोप विराजने एकही शब्द न गाळता सांगितला. आपल्या विहारातले प्रमोद बुधवारी नागपूरला निघालेत, त्यांच्या बॅगेत मधाच्या बाटलीशेजारी हे पाकीट येईल. मध वहिनींना, पत्र तुला. पत्र लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बस.

तू ती लॅपटॉपची जाहिरात फोनवर पाहिलीस, माझे डोळे पाहिलेस, आणि तडक विराजला फोन लावून अकरा मिनिटं झाडलंस. आईला कोपऱ्यात टाकलंस, तिच्या एकटेपणाचा बाजार मांडलास, माझी बहीण परत पाठव. पोरगं उभ्याने ऐकत होतं. दादा, तुझी माया मला कळते, पण झालं ते असं नव्हतं. कसं झालं ते मुळापासून सांगते.

डिसेंबरात इराला टॉग्ज घ्यायचे होते. (टॉग्ज म्हणजे पोहण्याचे कपडे. आपली नात नऊ वर्षांची आहे, मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं दोघींचं उत्तम चालतं.) म्हणून सूनबाई गौतमी आम्हाला इथल्या मोठ्या शॉपिंग सेंटरमध्ये घेऊन गेली. त्या दोघी दुकानात शिरल्या आणि मी बाहेरच्या बाकावर पिशव्या राखत बसले. वर काचेचं छत होतं आणि त्यावरून ढग चालले होते. इथले ढग तू बघायला हवेस. लांबच लांब असतात, आणि कुठे पोचायची घाई नसल्यासारखे जातात. मी बघत राहिले. ही माझी जुनी खोड. पुण्याच्या शाळेत पेपर तपासताना माझं पेन असंच हवेत थांबायचं आणि बाई चिडल्या असं समजून अख्खी सहावी ब गप्प व्हायची. तर किती वेळ गेला कोण जाणे, शेजारी एक मुलगी येऊन उभी राहिली. म्हणाली, मी दहा मिनिटं तुमच्याकडे बघते आहे. मला वाटलं, चोरीचा संशय. मी पिशव्या एकेक करून बाकावर उलट्या केल्या. इराचे नवे जॅन्डल्स तिच्या पायावर पडले. (जॅन्डल्स म्हणजे आपल्या स्लिपरा.) ती बिचारी ते उचलत म्हणाली, तसं नाही हो, आम्ही एक जाहिरात करतोय, आणि तुमचा चेहरा वाट बघण्यासाठी फार सुंदर आहे. सदुसष्ट वर्षांत माझ्या चेहऱ्याला सुंदर म्हणणारं पहिलं माणूस भेटलं, आणि तेही एका कामापुरतं!

गौतमीला भारीच गंमत वाटली. विराज म्हणाला, "आई, तुला हवं तर कर." (हे तो पायमोजे घालता घालता म्हणाला. ईस्ट टामाकीला त्यांच्या कारखान्यात पॅकिंगची यंत्रं बनतात, आणि तेव्हा एक मोठी ऑर्डर होती. मी उठायच्या आत तो जायचा आणि इरा झोपल्यावर यायचा. कामच तसं, त्यात त्याचा काय दोष.)

शूटिंग समुद्राकाठच्या एका घरात होतं. मला राखाडी स्वेटर घातला, खिडकीपाशी बसवलं, आणि चष्मा काढून घेतला. काचेवर दिवे चमकतात म्हणे. चष्म्याविना माझं काय होतं तुला ठाऊकच आहे. समुद्र, पडदा, माणसं, सगळं एकमेकांत विरघळून गेलं. मग समोर तो सुप्रसिद्ध नवा लॅपटॉप आणून ठेवला. दादा, तो लॅपटॉप नव्हताच. नुसतं झाकण आणि बूड. पडद्याच्या जागी हिरवं कापड ताणून चिकटवलेलं. त्यात दिसायचं ते मागाहून भरतात. दिग्दर्शक अनवाणी हिंडणारा एक उंच मुलगा होता. किआ ओरा आंटी (हा इथला नमस्कार), म्हणाला, तुमचं फार लाडकं, फार लांब असलेलं माणूस तुम्हाला यात दिसतंय, बस, एवढंच. मी कापडाकडे बघून तोंडभर हसले. नको, म्हणाला, इतकं नको. मी कमी हसले. मग म्हणाला, हसूच नका. असं नऊ वेळा झालं. मला भूक लागली होती, आणि लाडकं माणूस आणावं म्हणून मी तुम्हा सगळ्यांना एकेक करून त्या कापडावर बसवून पाहिलं. कुणी टिकलं नाही. तू तर आल्या आल्या उठलास.

दहाव्या वेळी मी नाद सोडला आणि नुसती हिरव्याकडे बघत राहिले. आणि दादा, ती आपल्या गावची बोडी झाली. शेवाळाने काठोकाठ भरलेलं ते तळं, उन्हाळ्याच्या सुट्टीतलं. तुम्ही मुलं भावकीतल्या विश्वनाथच्या मागे धडाधड उड्या मारायचात, शेवाळ फाटायचं, खालून काळं पाणी दिसायचं आणि पुन्हा मिटून जायचं. मी काठावर तुमच्या सदऱ्यांवर दगड ठेवून बसायची. मी आठ वर्षांची होते. मलाही शिकव म्हटलं तर तू म्हणालास, पोरींचं ते काम नाही, कपडे सांभाळ. मी सांभाळले. त्या दिवशी मात्र, त्या परक्या घराच्या खिडकीत, मी सदरे ठेवले, उठले आणि सरळ पाण्यात गेले. पाणी वर कोमट आणि खाली गार होतं. मला काही येत नव्हतं तरी मी तरंगत होते. कानात पाणी गेलं की जग कसं दूर जातं, तसं सगळं दूर गेलं. कुणी हाक मारत नव्हतं. मी पलीकडच्या काठाला लागणार, एवढ्यात कट् झालं. मेकअप करणारी मुलगी डोळे पुसत होती. अनवाणी मुलगा हळूच म्हणाला, "स्वीट ॲज, आंटी." इथे याचा अर्थ झकास असा होतो.

पुढे त्या हिरव्या कापडात त्यांनी काय भरलं ते तू पाहिलंसच. बर्फात उभा राहून हात हलवणारा एक दाढीवाला मुलगा. कोण कुठला, मी त्याला जन्मात पाहिलेला नाही. तो "मम्" म्हणतो, आणि मी त्याच्याकडे (म्हणजे बोडीकडे) बघते. एवढीच जाहिरात. पण बातम्यांच्या मध्ये ती लागायला लागली आणि माझं आयुष्य बदललं. कोपऱ्यावरच्या डेअरीवाला दुधाचे पैसे घेईना, आणि त्याने विचारलं, मुलगा कोणत्या देशात असतो? मी म्हटलं, इथेच, मागच्या गल्लीत, माझ्याच घरात. त्याला ते फारच वाईट वाटलं. बसचा ड्रायव्हर मी जागेवर बसेपर्यंत बस हलवीना. विहारातल्या बायकांनी माझ्यासाठी पाळ्या लावल्या, सोमवारी एक, गुरुवारी एक, डबा घेऊन सोबतीला. त्यांना वाटेला लावता लावता माझा दिवस संपायचा.

त्या जाहिरातीखाली लोकांनी लिहिलेलं इरा मला वाचून दाखवायची आणि मी मेथी निवडत ऐकायची. एका बाईने लिहिलं होतं, हे बघून मी गाडी बाजूला घेतली आणि इनव्हरकार्गिलला आईला फोन केला. एकाने लिहिलं, मी आणि भाऊ चार वर्षं बोलत नव्हतो, आज बोललो. एकाने, ही आजी पापणी का हलवत नाही, कुणीतरी बघा रे. एकाने, ते सगळं ठीक, बॅटरी किती तास चालते? आणि पुष्कळांनी, ढीगभर लोकांनी एकच लिहिलं होतं, हिच्या खऱ्या मुलाला कुणीतरी शोधा. इरा वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "आजी, दॅट्स डॅड."

शोधायला कुणाला फार लांब जावं लागलं नाही. कारखान्यातल्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी माझा फोटो लावला, खाली लिहिलं, विराज, घरी जा. त्याचा फोरमन त्याला पाच वाजता स्वतः दारापर्यंत सोडायला लागला. विराज म्हणायचा, अरे, ती माझ्या घरात राहते! फोरमन म्हणायचा, मग तर आणखीच वाईट. आणि हे सगळं चाललेलं असताना तुझा फोन.

तो फोन झाला त्या शनिवारी विराजने मला गाडीत घातलं आणि समुद्रावर नेलं. गौतमी आणि इराला घरीच ठेवलं. ओहोटी होती. पाणी इतकं मागे गेलं होतं की समुद्र रजेवर गेल्यासारखा वाटत होता, आणि ओल्या वाळूत आभाळ उतरलं होतं. आम्ही गाडीतच बसलो. तो म्हणाला, "आई, एक विचारू? त्या कापडात तुला बाबा दिसले ना?"

दादा, खोटं बोलणं सोपं होतं. हे जाऊन सहा वर्षं झाली, हो म्हटलं असतं तर शोभलंही असतं. पण मी म्हटलं, "नाही रे. मी पोहत होते." मग बोडी सांगितली, शेवाळ सांगितलं, सदरे सांगितले. तो आधी हसला. खूप हसला, स्टिअरिंगवर डोकं टेकून. मग हसणं थांबलं तरी त्याने डोकं उचललं नाही. म्हणाला, "तुला पोहता येत नाही हेच मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तुला आवडत नाही." मी म्हटलं, मीही कधी बोलले नाही. तो म्हणाला, "मी घरी असतो कुठे ऐकायला." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाणी परत यायला लागलं होतं, इतकं सावकाश की बघताना कळत नव्हतं, फक्त मघाशी दिसत होता तो खडक आता दिसत नव्हता.

आता दर मंगळवारी साडेपाचला तो मला जवळच्या तरणतलावावर नेतो. माझे टॉग्ज घोट्यापर्यंत आहेत, रंग जांभळा. इरा माझी शिक्षिका, आणि मी सहावी ब ला वागवलं त्याहून कडक. पहिले तीन मंगळवार मी कठडा सोडला नाही. चौथ्या मंगळवारी विराज पाण्यात माझ्या पाठीखाली हात धरून उभा होता, आणि कधी काढला ते त्याने सांगितलं नाही. मी उताणी पडले होते. वर छतावरचे दिवे लांब लांब पसरले होते, कानात पाणी होतं, आणि इरा काठावरून काहीतरी ओरडत होती ते मला दुसऱ्या गावाहून आल्यासारखं ऐकू येत होतं. मी तरंगले, दादा. मोजून नाही सांगत, पण चांगली तरंगले. मग मनात आलं की मी तरंगते आहे, आणि लगेच बुडाले.

तेव्हा माझे डोळे दुःखी नाहीत, त्यांना चष्मा नव्हता. मी एकटी नाही आणि मी परतणार नाही. गुडघा बरा झाला की वरची खोली वहिनींना दे, त्यांच्या शिवणयंत्राला उजेड लागतो. आणि विराजला फोन करून दोन गोड शब्द बोल. त्याने तुझ्या बोलण्याचा फार धसका घेतला आहे.

तुझी धाकटी,
शैला

ता. क. जाहिरातवाल्यांनी मला तो लॅपटॉप भेट दिला. या वेळी खरा. त्यात ळ कुठे आहे ते कुणालाच सापडत नाही, म्हणून हे पत्र हाताने.

ता. क. (वेगळ्या चिठ्ठीवर) वरचं पत्र विराजने वाचून पाकिटात घातलं आणि त्याचे डोळे भरून आले. ही चिठ्ठी मी प्रमोदच्या हातात वेगळी देते आहे. दादा, त्याला फोन करून गोड अजिबात बोलू नकोस. तुझ्या त्या अकरा मिनिटांनंतर तो रोज सहाच्या आत घरी असतो, आमच्याबरोबर जेवतो आणि इराला गोष्ट सांगतो, मराठीत. गेल्या आठवड्यात कारखान्यात नवी ऑर्डर आली आहे आणि सोमवारी तो साडेसातला आला. तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा, शक्यतो रविवारी, नीट झाडत जा.

ता. क. झाडताना डोळ्यांचं नाव काढू नकोस. पोहायला लागल्यापासून ते फार टवटवीत दिसतात. आवाज खोल गेलाय, असं म्हण.