न टेकवलेला दोरा

मंगळवार, संध्याकाळ. पारोळा.

मूर्ख आहे मी, दुसरं काय!

मधुमेहाच्या संशोधनासाठी आठवडाभर इथल्या लोकांचे पाय तपासतेय. काम सोपं. डोळे मिटायला सांगायचं, तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवायचा आणि विचारायचं, लागलं का? लागलं तर पायाच्या नसा शाबूत. मधूनच न टेकवताही विचारायचं, असं शिकवलं होतं. घाईघाईत मी ते सोडूनच दिलं.

आज कापूसवाले एक आबा बसले होते. दोरा माझ्या हातातून निसटला. मी खुर्चीखाली वाकून तो शोधतेय, आणि वरून डोळे मिटलेले आबा म्हणाले, "लागनं बेटा, लागनं."

दोरा तर जमिनीवर होता!

मग पाय हातात घेऊन नीट पाहिला. टाचेत बाभळीचा मोडका काटा, भोवती पू. आणि आबा त्याच पायाने चालत आले होते. त्यांना पत्ताच नाही.

"आबा, लागत नव्हतं तर सांगायचं ना!" मी जवळजवळ ओरडलेच.

ते ओशाळले. "तू इतली लांबथीन येस, मन्हा पाय धरस. नही कसं म्हनू?"

त्यांना लगेच दवाखान्यात पाठवलं. पण बाकीचे? माझ्या फॉर्मांवर पानामागून पान 'लागलं' लिहिलंय, माझ्याच अक्षरात. उद्या संशोधन चालवणाऱ्या मॅडमना सांगायचं, सगळे पाय पुन्हा तपासायचे. त्यातल्या कितींना तो दोरा खरंच लागला असेल, आणि कितींनी नुसता माझा मान राखला?