गाळलेला शब्द

प्रिय वकील,

बाबांनी ठेवलेलं हे नाव तुला आवडत नाही, ठाऊक आहे. पण मी रागावले आहे, म्हणून तेच वापरते. काल फोनवर किती सहज म्हणालास, ताई, त्यांना आता काही कळत नाही, डॉक्टरीणबाई म्हणतात तसं होऊ दे! सोमवारी त्या ठरवणार आहेत. बाबांना समजतं अशी एकही खूण मिळाली नाही, तर बोलण्याचे आणि हातापायांचे व्यायाम बंद, आणि रवानगी मागच्या इमारतीत. मी ती बघून आले. तिथे माणसांना वेळेवर भरवतात, कुशीवर वळवतात, आणि कुणी कुणाला काही विचारत नाही.

इथे निदान रोज विचारतात. पेला दाखवतात, कंगवा दाखवतात, डोळे मिटा म्हणतात. माझा जीव टांगणीला लागतो आणि बाबा भिंतीकडे बघत ढिम्म. झटक्याने वाचा गेली, उजवी बाजू गेली, तऱ्हेवाईकपणा काही गेला नाही. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला कंगवा ओळखायला लावला तर मीही तोंड फिरवीन. पण हे डॉक्टरीणबाईंना कोण पटवणार?

तुझा फोन ठेवला आणि तिरीमिरीत बाबांसमोर कागद घेऊन बसले. जेवणाच्या टेबलावर आपल्याला घालायचे तेच गणित मांडलं: x³ − 2x + 9 = 0, याला एक तरी वास्तव मूळ आहे हे सिद्ध करा. भराभर लिहीत गेले. x उणे तीन घेतला की किंमत उणे बारा, शून्य घेतला की अधिक नऊ. वक्र शून्याच्या खालून वर गेला, म्हणजे मध्ये कुठेतरी शून्याला शिवलाच असणार. मूळ नेमकं किती ते सापडायला नको, ते आहे एवढं दाखवलं की झालं. तेवढ्यात बाबांनी डाव्या हाताने पेन ओढून घेतलं आणि ‘म्हणजे’च्या आधी काकपद काढलं. वेडंवाकडं, पण काकपदच, शब्द राहिला की ते काढायचे तसं. बघते तर काय, वक्र संतत आहे, मध्ये कुठे तुटत नाही, हे लिहायलाच मी विसरले होते! तुटका असता तर शून्याला न शिवता उडी मारून वर गेला असता की. मी ढसाढसा रडले रे.

डॉक्टरीणबाईंना हाताला धरून आणलं. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. म्हणाल्या, हात सहज हललाही असेल, माझ्यासमोर पुन्हा करू देत. मी पुन्हा लिहिलं, तोच शब्द मुद्दाम गाळून. बाबांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पेन सोडून दिलं. मुद्दाम केलेली चूक त्यांनी कधी तपासली आहे? डॉक्टरीणबाई हळहळल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

आठवतं, या एका शब्दावरून घरात किती रणं माजायची? वक्र तुटत नाही हे शेंबड्या पोरालाही दिसतं, लिहायचं कशाला, हा तुझा हेका. ते गुण कापत राहिले, तू शब्द गाळत राहिलास. पुढे भांडणाची कारणं बदलली आणि तू घर सोडलंस. पण तो शब्द तू आजही लिहिणार नाहीस, पैजेवर सांगते. फोनवर वाद घालत बसशील म्हणून हे पत्र पाठवते आहे. माझी चूक त्यांना खोटी वाटली. तुझी खरी असेल, आणि ती तशीच सोडणं बाबांना जमायचं नाही. सोमवारच्या आत ये. आल्यावर माफी नको, समजूत नको. डॉक्टरीणबाईंना शेजारी उभं करते, तू फक्त बाबांसमोर बस, समीकरण मांड आणि नेहमीसारखा चूक.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
ताई