तुझं मोजमाप बरोबर होतं

प्रिय मोजपट्टी,

या नावाने तुला हाक मारायचा हक्क मला उरलाय का, ठाऊक नाही. पण तुझं पूर्ण नाव लिहिलं तर पत्र नोटिशीसारखं दिसायला लागलं, म्हणून जुनंच नाव. तीन दिवस चार ओळी लिहायच्या आणि कागद फाडायचा, एवढंच चाललंय. माझ्या वाढदिवसाला तू लिहिलं होतंस, “त्या ऑफिसात माझ्या बाजूने तू एकटीच होतीस.” ते वाचून मी फोन पालथा ठेवला आणि उगाचच भांडी घासत बसले.

विजेच्या सायकलची बॅटरी बनवायला सरांनी तीन प्रकारचे सेल आपल्या टेबलावर आणून ठेवले तो दिवस आठवतो? पोलादी नळकांड्यांसारखे गोल सेल. ॲल्युमिनियमच्या डब्यातले चौकोनी. आणि पाऊच, म्हणजे चकचकीत पाकिटात बंद केलेले, इतके हलके की हातात काही धरलंय असंही वाटू नये. तू एकेक उचलून, मुली बघायला आलेल्या आत्याबाईसारखी बोलत होतीस. “हा गोल, जोडण्या करता करता आपला जीव काढेल, पण अंगाने टणक, तापला तरी पटकन हातपाय पसरणार नाही. हा चौकोनी जागा छान भरतो, पण सायकलच्या दांडीत घुसायचा नाही. आणि हे पाकीट... आता दिसतंय सडपातळ, पण वय झालं की पोट सुटणार. दोन्ही बाजूंनी दाबून धरणारी चौकट दिली नाही तर घात करेल.” मला हसून हसून ठसका लागला होता.

तुलनेचा तक्ता माझ्याकडे होता, चाचण्या तुझ्याकडे. वजन, जागा, उष्णता, आयुष्य असे रकाने मी आखले आणि तू एकेक आकडा आणून देत गेलीस. पण सरांनी सायकलचा सांगाडा आधीच ठरवून टाकला होता, बारीक दांडीचा, बघणाऱ्याने वळून पाहावं असा. त्यात पाऊचच बसत होते, आणि तेही चौकटीशिवाय. तुझ्या चाचणीत, हादरे देत तीनशे वेळा चार्ज केल्यावर तो गठ्ठा चार मिलिमीटर फुगला. कव्हर वाकलं, आतल्या वायरचं आवरण घासून निघालं. तू अहवालात लाल शाईने लिहिलंस: असं विकू नये.

मग ती मीटिंग. सर शांतपणे म्हणाले, “चाचणीच्या वेळी हादऱ्याच्या यंत्रावर गठ्ठा पकडणारा क्लॅम्प सैल होता, असं कळलंय. हे आकडे धरता येणार नाहीत.” तू टेबलाभोवतीच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघितलंस. माझ्याकडेही. मी कागद चाळत राहिले. इतक्या वर्षांच्या अनुभवी बाईला साधा क्लॅम्प आवळता येत नाही, असं त्या खोलीत ठरलं, आणि आठवड्याभरात तू राजीनामा दिलास. दोन महिन्यांनी तुझी जागा मला मिळाली. तू अभिनंदनाचा फोन केलास तेव्हा मी मीटिंगमध्ये असल्याचं खोटंच सांगितलं.

सायकली विकल्या गेल्या, दोन वर्षं चालल्याही. त्यातली एक, घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांकडून व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंची. गेल्या महिन्यात एका इमारतीच्या जिन्याखाली त्या चार्जिंगसाठी बॅटरी काढायला गेल्या, तर ती फुगून दांडीत अडकली होती. त्यांनी जोर लावून ओढली. धूर आला, मग भपकन जाळ. उजवा तळहात पूर्ण भाजला. त्यांचं कामच हातांचं. मी कुणाला न विचारता त्यांना भेटायला गेले. त्यांनी डाव्या हाताने मला खुर्ची पुढे केली, चहा केला, कप आणताना थोडा सांडला तर माझीच माफी मागितली. म्हणाल्या, “तुम्ही एवढ्या लांब आलात, बाकी कुणी आलं नाही हो.” मग कंपनीचं पत्र दाखवलं. चुकीच्या पद्धतीने चार्ज केल्यामुळे बिघाड, असं त्यात होतं. त्यांनी मला विचारलं, “खरं सांगा, माझंच काही चुकलं का? मी तर पुस्तकात लिहिलंय तसंच करत होते.” मी म्हणाले, “नाही, तुमचं काही चुकलं नाही.” त्या रडायला लागल्या, आणि मला तिथे बसवेना.

काल मी त्या आगीची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे लेखी जबाब दिला. सोबत तुझा मूळ अहवाल जोडला, लाल शाईसकट. विकलेल्या सगळ्या बॅटऱ्या परत मागवाव्यात, असंही त्यात लिहिलंय. नोकरी सोडली आहे, पण त्यात मोठेपणा काही नाही, ते मला आज ना उद्या काढणारच होते. आता तुला बोलावणं येईल आणि माझा जबाब तुझ्यासमोर वाचला जाईल. तो परक्या माणसाच्या तोंडून तुझ्या कानावर पडू नये, म्हणून हे पत्र. मीटिंगच्या आदल्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये विचारलं होतं, “या अहवालातून काही वाट निघेल का?” कुणी धमकावलं नव्हतं, कसलं आमिष दाखवलं नव्हतं. ते नेहमी तुलाच विचारायचे आणि त्या दिवशी मला विचारलं, एवढंच. मी म्हणाले, “क्लॅम्प सैल असू शकेल.” तो क्लॅम्प मी माझ्या हाताने आवळला होता, आणि तू दोनदा तपासला होतास. मीटिंग संपल्यावर जिन्यात तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून विचारलंस, “असं कुणी सांगितलं असेल गं?” मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “कोण जाणे.”

तू उत्तर लिहू नकोस.

तुझीच म्हणवून घ्यायची लाज वाटणारी,
तुझी मैत्रीण