डोकं थंड, वजन पंचावन्न

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी

आजपासून राग बंद.

कारण लिहून ठेवतो. सुचिता काल म्हणाली, तुमी घरात आलात की भांडीसुद्धा वाजत न्हाईत. मी विचारलं, हे कौतुक की तक्रार? ती म्हणाली, भांड्यांना विचारा. दुसऱ्या नवऱ्याला हे झोंबलं असतं. मला नाही. मी रेवदंड्याच्या बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. दिवसभर बर्फात उभा असतो, डोकं मुळातच थंड. फक्त आवाज मोठा आहे. कॉम्प्रेसरशेजारी इतकी वर्षं उभं राहिल्यावर कोणाचाही होईल.

संकल्प दुसरा: मृणालशी नातं जोडायचं. मृणाल म्हणजे सुचिताची मुलगी. चौदा वर्षांची, नववीत. आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं, अजून ती मला काहीही म्हणत नाही. पप्पा हा शब्द भिंतीवरच्या फोटोतल्या गणराजसाठी, तिच्या बापासाठी राखीव. तो आजारपणात गेला तेव्हा ही सहा वर्षांची होती. ठीक आहे, तो शब्द मला नकोच. पण काका म्हण, केतनकाका म्हण. ही म्हणते ‘ओ’. ओ, आई बोलावते. ओ, चार्जर कुठंय. भाजीवाल्यालासुद्धा नाव असतं.

गणराज कधी चिडायचा नाही, असं अख्खा पाडा सांगतो. फोटोत बसून न चिडणं सोपं आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

मार्ग सापडला. कबड्डी.

मृणाल गावच्या मुलींच्या संघात खेळते. जिल्ह्याची निवड स्पर्धा बावीस तारखेपासून, किशोरी गट, आणि कुठे? माणगावात. माझ्या माणगावात. मी तीन सीझन तालुक्याच्या संघाबरोबर होतो. तिथल्या मैदानावर मला न ओळखणारा माणूस सापडायचा नाही. आता पोरीला कळेल आपल्या घरात कोण राहतंय ते.

जेवताना तिला हे सांगितलं. तिने विचारलं, चढाई करायचात की पकड? मी म्हटलं, पडेल ते. फायनलला कॅप्टनने मला शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवलं होतं. तोवर सामनाच हातातून गेला. चूक कॅप्टनची. त्या बाळाजीचा अजून राग येतो. म्हणजे आला असता.

८ नोव्हेंबर, शनिवार

प्रॅक्टिस बघायला गेलो. सुरूच्या बनाशेजारी वाळूत मैदान आखलंय. कोच सोनल मॅडम, वय सव्वीस, गळ्यात शिटी. मृणालला डाव्या कोपऱ्यात उभी केलेली. कोपऱ्यात! घोटे पकडायला! जिचे पाय हरणाचे, ती चढाईला नको?

मी रेषेबाहेरून शांतपणे सुचवलं. मग पुन्हा सुचवलं. तिसऱ्यांदा सुचवलं तेव्हा मॅडमनी प्रॅक्टिस थांबवली आणि म्हणाल्या, पालकांनी सुरूखाली बसावं. पालकांनी म्हणजे मी. दुसरं कोणी आलंच नव्हतं. बसलो. रागावलो नाही. फक्त उठता-बसता दोन वाक्यं बोललो. ती ऐकून रस्त्यावरच्या एका रिक्षावाल्याने रिक्षा थांबवली, याला मी काय करणार. लोकांना कामं नाहीत.

मृणाल घरी येताना एक शब्द बोलली नाही. दमली असणार.

११ नोव्हेंबर, मंगळवार

खुराक सुरू. सकाळी दोन अंडी, दूध, केळी. संध्याकाळी नाचणीची भाकरी, वर तूप. सुचिता म्हणाली, मॅडमनी वजनाकडे लक्ष द्यायला सांगितलंय. मी म्हटलं, तेच तर देतोय. वजन म्हणजे ताकद. चिंबोरीने नांगीत धरावं तसं घोट्याला धरून बसायचं तर अंगात काहीतरी हवं की नको?

अंडीवाल्याने दोन फुटकी दिली. त्याला समजावलं. त्याने उद्यापासून दुसऱ्या दुकानातून घ्या म्हणून सांगितलं. गिऱ्हाईक टिकवायची अक्कल नाही, म्हणून मराठी माणूस मागे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

केळीचा अख्खा घड घेऊन मैदानावर गेलो. मॅडमनी परत पाठवला. पोरी हसल्या. मृणाल बुटाची नाडी बांधत बसली. बूट नव्हतेच पायात.

पण आज तिची पकड पाहिली. समोरची पोर हिच्या दीडपट, आत घुसली, बोनस घेऊन मागे वळली आणि मृणालने वाकून घोटा धरला तो सोडलाच नाही. मोठी पोर फळीसारखी आडवी. मला एवढा आनंद झाला की कोणावर तरी ओरडावंसं वाटलं. ओरडलो. पंचावर. पंच म्हणून त्यांची बारावी खेळाडू उभी होती, ती रडायला लागली. गैरसमज. मी शाबासकीच देत होतो.

डाव्या कोपऱ्यालाही महत्त्व आहे असं माझं पहिल्यापासून मत होतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मृणालने दूध मांजराला घातलं. पाहिलं. बोललो नाही. मांजराला बोललो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळ

आज काय झालं ते नीट लिहितो, कारण असे दिवस कमी येतात.

उद्या सकाळी माणगावात वजनं. पोर दिवसभर अर्ध्या कप चहावर. मी कामावरून आलो तर भिंतीला टेकून बसलेली, ओठ सुकलेले. सुचिता म्हणाली, वजनासाठी. माझं रक्त उकळलं. कसली कोच ही? सामन्याच्या आदल्या दिवशी पोरीला उपाशी मारते? मृणालला म्हटलं, मर्यादा किती? ती म्हणाली, पंचावन्न. मी म्हटलं, जुना नियम. आता साठ आहे. आमच्या वेळी साठच होता, नियम काय कमी होत जातात? मी चौकशी केलीय. (करणारच होतो.) चल.

बाइकवर बसवून नाक्यावरच्या हॉटेलात नेली. ती म्हणाली, मला काही नको. वेटर एकच प्लेट घेऊन आला. मी त्याला जरा समजावलं, की माणसं दोन दिसत असताना प्लेट एक आणणं याला काय म्हणतात. शेजारच्या टेबलावरचे उठून आत जाऊन बसले. आणि मग चमत्कार झाला. मृणाल म्हणाली, राहू द्या हो, मी खाते. आणि खाल्लं. बुर्जी खाल्ली, चार पाव खाल्ले, ट्रिपल राइस खाल्ला, मी फालुदा मागवला तोही संपवला. आणि बोलत होती. दीड वर्षात बोलली नसेल एवढी. शाळेतल्या सरांच्या नकला केल्या. मैत्रिणीच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. मी हसलो. वेटरला टीप दिली.

मला तिचा बाप व्हायचं नाही. पण आज हॉटेलातल्या आरशात आम्ही दोघं दिसलो आणि कोणीही म्हटलं असतं की हा हिचा कोणीतरी आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार. पहाटे

लाटांच्या आवाजाने जाग आली. ओट्यावर आलो तर मृणाल किनाऱ्यावर धावतेय. अंगात स्वेटर, त्यावर गणराजचं जुनं जॅकेट, डोक्याला स्कार्फ. एवढी थंडी नाही. जॅकेट तेच का, हा प्रश्न मनात आला, पण विचारला नाही. उत्साह बघा. कालच्या जेवणाचा परिणाम.

त्याच दिवशी. दुपारी, माणगाव

मी शांत आहे. लिहिण्यासाठी पेन मागितलं तेव्हा त्या माणसाने पेन टेबलावर ठेवून दोन पावलं मागे घेतली, पण मी शांत आहे.

मर्यादा पंचावन्नच आहे.

मृणाल काट्यावर चढली. पंचावन्न किलो तीनशे ग्रॅम. मॅडमचा चेहरा उतरला. टेबलावरचा माणूस म्हणाला, जा बाळ, दोन चकरा मार, थुंक, परत ये, वेळ आहे. ती जॅकेट घालून पळायला गेली. आली तेव्हा मर्यादेच्या फक्त शंभर ग्रॅम वर. तो माणूस म्हणाला, क्लिपा काढ, अजून एक चक्कर मार. चांगला माणूस असावा. पण तोवर माझ्या लक्षात आलं होतं की दोष काट्यात आहे. मी आयुष्यभर बर्फाच्या लाद्या मोजल्यात, मला काटा कळतो. हे त्यांना सांगितलं. ते ऐकेनात. म्हणून सिद्ध करायला स्वतः चढलो. जरा जोरात चढलो. काट्याने आठ-आठ-आठ दाखवलं आणि बंद पडला.

मग त्यांनी दुसरा काटा आणला. त्यावर मृणाल पंचावन्न चारशे. आणि आता तो माणूस मला बघून म्हणाला, नियम म्हणजे नियम, वेळ संपली.

मी म्हटलं, तुमच्या सगळ्यांची तक्रार करतो. कुठे करणार, असं त्याने विचारलं. मला ठिकाण सुचलं नाही.

मॅडमनी सगळ्यांसमोर मृणालला विचारलं, काल काय खाल्लंस? मी पुढे झालो होतो. मला बोलायचंच होतं, नियमातला गोंधळ समजावून सांगायचा होता. तेवढ्यात मृणाल म्हणाली, मला भूक लागली, मीच गुपचूप खाल्लं. मॅडम तिला खूप बोलल्या. मी मॅडमवर रागावलो, मनात.

त्याच दिवशी. संध्याकाळी

हरलो. पाच गुणांनी. डाव्या कोपऱ्यातून समोरच्या पोरी बाजारात फिरावं तशा फिरून गेल्या. मृणाल संघाचा शर्ट घालून रेषेबाहेर बसली होती, मी तिच्या मागे. एक चांगलं झालं, अख्खा सामना आम्ही जवळजवळ बसलो.

मध्यंतरात मुख्य पंच आमच्याकडे आला. पोट सुटलेलं, केस रंगवलेले. बाळाजी. आमचा कॅप्टन. लांबूनच म्हणाला, आरं केत्या, तू हितं? बाटल्या कुठं हायत? मग मृणालला म्हणाला, तीन सीझन ह्यानं आमच्या बाटल्या भरल्या पोरी, एक दिस पाणी कमी पडलं न्हाय. जुन्या मित्रांची थट्टा अशीच असते. मृणालने माझ्याकडे पाहिलं. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

काल परत येतानाचं.

संघ टेम्पोने निघाला. मृणाल टेम्पोत न बसता येऊन माझ्या बाइकवर बसली. स्वतःहून. मी मनात म्हटलं, बघा. रोह्याला चहाला थांबलो. चहा थंड होता. मी चहावाल्याकडे वळलो, तोंड उघडलं, आणि मृणालने माझ्या हातातला ग्लास घेऊन गटकन पिऊन टाकला. म्हणाली, गरम आहे.

मी म्हटलं, थंड होता.

ती म्हणाली, माहितीय.

मग बिस्किट बुडवत म्हणाली, पंचावन्न आहे हेपण माहीत होतं. मॅडमनी महिनाभर सांगितलंय. मी विचारलं, मग खाल्लंस का? म्हणाली, तुम्ही त्या वेटरवर ओरडत होतात. मी खाल्लं की तुम्ही थांबता. नकला केल्या की हसता. भरतीची वेळ सांगावी तसं सांगत होती, राग नाही, काही नाही. मी म्हटलं, अगं पण एवढी स्पर्धा. ती म्हणाली, मला वाटलं पहाटे पळून उतरेल. उतरलं असतं. तुम्ही काट्यावर चढलात.

मी उठून बाइकची किल्ली काढली. तिला वाटलं असावं की मी चिडलो, कारण घाईने म्हणाली, मी कोणाला नाही सांगणार. आईपण असंच करते ना. तुम्ही आलात की भांडी हळू ठेवते.

पुढचा रस्ता कसा आला आठवत नाही. घरी सुचिताने ताट वाढलं. ताट ठेवल्याचा आवाज झाला नाही. मी मुद्दाम ऐकत होतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दिवसभर रागवायला माणूस शोधला. मॅडम बरोबर होत्या. काटा बरोबर होता. बाळाजी तर खरंच बोलला. अंडीवाल्यापर्यंत गेलो, तर त्याने मला बघून शटर अर्धं ओढलं. परत आलो. गणराजच्या फोटोपुढे उभा राहिलो, तिथेही रागवायला काही सापडलं नाही.

संध्याकाळी मृणाल दारात येऊन म्हणाली, ओ, उद्या प्रॅक्टिसला येणार असाल तर पाण्याचा कॅन आणा. पण बोलायचं नाही. मी विचारलं, केळी? नको. बर्फ घालू? नको, नुसतं पाणी.

हो म्हटलं. पाण्याचं काम मला येतं. तीन सीझन तेच केलंय.